चौरस फुटांच्या हिशेबात न बसणारे

लालबागच्या राजाला आज लाखो लोक नवस बोलतात. त्या गणपतीच्या स्थापनेमागचा मूळ नवस मात्र बाजाराच्या जागेचा होता, याचे स्मरण फारसे कोणी ठेवलेले नाही. पेरू चाळीपाशी भरणारा बाजार १९३२ साली बंद पडला आणि तेथील कोळी विक्रेते व लहान व्यापारी उघड्यावर आले. व्यवसायाला हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, पुढे जमीनमालकाकडून जागा मिळाली आणि १९३४ साली तेथे गणपती बसला, अशी मंडळाने जपलेली हकीकत आहे. नव्वद वर्षांनंतर त्याच लालबागेत, शेजारच्या परळ-दादरमध्ये आणि तिकडे गिरगावात इमारतींमागून इमारती पाडल्या जात असताना विक्रेत्यांपुढे आणि कारागिरांपुढे तोच प्रश्न उभा आहे.

पुनर्विकासालाच विरोध करण्याचे कारण नाही. चाळीतल्या एका खोलीत तीन पिढ्यांनी दाटीवाटीने राहावे आणि सार्वजनिक शौचालयासमोर रांग लावावी, यात जपण्यासारखे काही नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा त्या आनंदाकडे नाक मुरडण्याचा अधिकार प्रशस्त घरात राहणाऱ्या स्मरणरंजनवाद्यांना खचितच नाही.

परंतु हे सारे कायदे मुळात राहणाऱ्या माणसासाठी झाले. १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, १९७६ चा म्हाडा कायदा आला, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींसाठी ३३(७) हा नियम दिला. या नियमाने निवासी भाडेकरूला किमान क्षेत्रफळाची हमी मिळते, त्यामुळे त्याचे घर वाढते. दुकानदाराला मात्र जुन्या इमारतीत जेवढी जागा होती तेवढीच. आकड्यात पाहता यात अन्याय नाही, पण दुकान केवळ क्षेत्रफळावर चालत नाही. ते रस्त्यावर उघडते की आतल्या बाजूला, तळमजल्यावर असते की जिना चढून जावे लागते, यावर त्याचे आयुष्य ठरते. शिवाय इमारत उभी राहीपर्यंत चार-पाच वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लोटतो. रहिवासी तेवढा काळ भाड्याच्या घरात काढतो. दुकानाचे गिऱ्हाईक तेवढे दिवस थांबत नाही. आणि संमतीचा प्रश्न बहुमताने सुटतो, तेव्हा ऐंशी बिऱ्हाडांच्या चाळीतील सहा गाळेवाले कायमचे अल्पमतात असतात. काहीजण नव्या गाळ्याची किंमत पाहून तो विकून मोकळे होतात, हेही खरे. त्या गाळ्यात पोटमाळ्यावर बसून काम करणाऱ्या कारागिराला त्या किमतीतला एक पैसाही मिळत नाही.

लालबागच्या मिरची गल्लीचे उदाहरण घ्यावे. चैत्र-वैशाखात मुंबईच्या कानाकोपऱ्यांतून बायका येथे येतात, मिरची-धणे पारखून घेतात, भाजून घेतात आणि डंकावर आपल्यासमोर कुटून घेतात. मसाल्याची दुकाने, भाजणारे आणि डंक शेजारी-शेजारी आहेत म्हणून हा व्यवहार चालतो. यातला एक दुवा निखळला तर उरलेल्यांनाही गिऱ्हाईक राहत नाही. समजा, सर्वांना नव्या इमारतीत गाळे मिळाले, तरी वरच्या चाळिसाव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला सदनिकाधारक मिरचीचा खाट आणि डंकाचा आवाज किती दिवस सहन करील? पहिली तक्रार त्याचीच येईल, आणि ती ताबडतोब ऐकली जाईल.

गणपतीच्या कारखान्यांची अवस्था याहून बिकट आहे. विजय खातूंसारख्या मूर्तिकारांनी परळ-लालबागच्या कारखान्यांना देशभर नाव मिळवून दिले. या कामाला उंच छप्पर हवे, मोकळे आवार हवे आणि तयार मूर्ती बाहेर काढायला रुंद रस्ता हवा. वर्षातले काही महिने गिरणीचे पडीक आवार, चाळीचा चौक किंवा रस्त्याकडेचा मांडव एवढ्यावर बहुतेकांचे भागत आले. अशा मूर्तिकाराकडे भाडेपावती नसते, म्हणून सर्वेक्षणाच्या यादीत तो नसतो. कागदोपत्री तो विस्थापितही होत नाही. चौकाच्या जागी वाहनतळ आले की त्याचा कारखाना संपला. वीस-वीस फुटांच्या मूर्ती शहराबाहेर घडवून पुलांखालून आणि तारांखालून लालबागेत आणता येतील, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आगमनाच्या मिरवणुकीबरोबर चालून पाहावे.

कलावंतांच्या बाबतीत परळच्या दामोदर नाट्यगृहाचे प्रकरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये हे सभागृह गिरणगावासाठी उभारले. कामगार रंगभूमी येथे वाढली. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नमने, शक्ती-तुऱ्याचे सामने येथे रंगत. गावच्या देवळासाठी किंवा शाळेसाठी निधी उभारायचा, तर ग्राममंडळाने दामोदरचा एक प्रयोग घ्यावा, अशी रीतच होती. शतक पूर्ण झालेले हे नाट्यगृह नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. नव्या आराखड्यात नाट्यगृहाच्या जागी शाळा येणार आणि नाट्यगृह आकसून दुसरीकडे जाणार, असा आक्षेप सहकारी मनोरंजन मंडळाने आणि रंगकर्मींनी घेतला. त्यासाठी आंदोलन झाले, विषय २०२४ साली विधिमंडळापर्यंत पोचला. शाळा नको असे कोणीच म्हटलेले नाही. पण गिरणी कामगाराच्या नातवाला परवडेल अशा भाड्यात गावच्या नमनासाठी एक रात्र मिळणार की नाही, याचे उत्तर कोणत्याही नकाशात सापडत नाही. नाट्यगृहाची आसने मोजता येतात, भाड्याचा दर मात्र मंजुरीच्या अटींत कोणी लिहीत नाही.

धंदे बदलतात, काही काळाबरोबर लयाला जातात, त्यांना कृत्रिम रीतीने का जगवावे, असा युक्तिवाद केला जातो. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या बाबतीत तो ऐकून झाला आहे. गिरण्यांबरोबर खानावळवाल्या बायकांचा व्यवसायही खचला. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ज्यांना संघटित केले होते, त्या या बायका. गिरण्यांच्या जमिनींच्या वाटपाचा वाद २००६ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण त्या वाटपात खानावळीचा हिस्सा कोणी मागितलाही नव्हता. शिवाय मसाला आणि मूर्ती यांची मागणी घटलेली नाही. जी गोष्ट मागणीअभावी मरत नाही, ती जागेअभावी मारली जात असेल तर त्याला काळाचा महिमा म्हणता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याच्या परिशिष्टात पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व नमूद आहे. असे असताना २०२१ साली दादरचा घाऊक मासळी बाजार हटवून विक्रेत्यांना मरोळ-ऐरोलीची वाट दाखवण्यात आली. पथविक्रेत्यांसाठी मान्य झालेले हे तत्त्व चाळीखालच्या गाळ्यांना आणि चौकातल्या कारखान्यांना लागू करायला हवे. म्हाडाने ना-हरकत पत्र देण्यापूर्वी चौक, पडवी, जिन्याखालची जागा यांत कोण काय काम करते, याचा पंचनामा करावा. रस्त्याकडचा गाळा रस्त्याकडेलाच देण्याची आणि बांधकामाच्या काळात त्याच गल्लीत पर्यायी जागा पुरवण्याची अट विकासकावर घालावी. समूह पुनर्विकासात बाग आणि वाहनतळ यांसाठी जागा राखून ठेवता येते, तशी मूर्तिकारांच्या सामायिक छपरासाठीही ठेवता येईल. लालबाग-परळमधील अनेक चाळींचे नकाशे अजून मंजूर व्हायचे आहेत. ही कलमे त्यांत आताच घालता येतील. पाया खणल्यावर त्यांचा उपयोग नाही.