पाहुणा की भाडेकरू?

परदेशी शिक्षणाची चर्चा विद्यापीठाचे नाव, शुल्क आणि पदवी यांपलीकडे सहसा जात नाही. विद्यार्थी राहतो कोठे आणि कोणाच्या पंक्तीला जेवतो, हा प्रश्न गौण मानला जातो. स्पेनमध्ये एखादे सत्र वा वर्ष काढणाऱ्या विनिमय-विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न मध्यवर्ती ठरतो. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. त्याची कीर्ती निर्विवाद आहे. परंतु तेथे गेलेला परदेशी तरुण भाषेचा आणि समाजाचा पहिला पाठ घेतो तो यजमान कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलापाशी. त्या घरात त्याचे नाते कोणते, पाहुण्याचे की भाडेकरूचे?

युरोपीय समुदायाची इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी अकरा देशांतील ३,२४४ विद्यार्थी तिच्याद्वारे परदेशी गेले. स्पेन त्या समुदायात आदल्याच वर्षी दाखल झाला होता; आज या योजनेतील विद्यार्थ्यांचे स्वागत करणाऱ्या देशांत तो अग्रभागी आहे. तथापि इरॅस्मसचे विद्यार्थी बहुधा चौघांत मिळून घर भाड्याने घेतात. कुटुंबात राहण्याची प्रथा टिकून आहे ती मुख्यतः अमेरिकन महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत, भाषाशाळांत आणि शालेय विनिमयात. त्यांपैकी शालेय विनिमयाच्या एएफएससारख्या संस्थांत कुटुंबे मोबदला घेत नाहीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मात्र खोली आणि जेवण यांचे पैसे यजमानांना सामान्यतः मिळतात.

पैसा आला की आतिथ्य संपले, असा आक्षेप येथे घेतला जातो. तो वरवर पाहता उदात्त वाटतो. वस्तुतः तो अपुरा आहे. विनामूल्य आतिथ्य ज्याच्या घरी रिकामी खोली आहे आणि गाठीला पैसाही आहे, त्यालाच परवडते. मोबदला मिळाला की हे दार निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवेलाही उघडते, आणि मुलगा बेकार असलेल्या कुटुंबालाही. २०१३ साली स्पेनमधील बेकारीचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांवर, आणि तरुणांतील प्रमाण ५५ टक्क्यांच्याही वर गेले होते. अशा काळात विद्यार्थ्यापोटी मिळणाऱ्या रकमेचे मोल केवळ संपन्न घरांना ठाऊक नसते.

पैशाच्या अभावी नाते आपोआप निर्मळ होते, असेही नाही. वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांच्या पिढ्या पुण्यात शिकल्या. त्या व्यवस्थेत पैसा नव्हता. पण उपकाराचे ओझे होते आणि जातीची चौकटही होती. ज्याने रास्त मोबदला दिला आहे, तो निदान मान वर करून जेवू शकतो.

विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या तक्रारींकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, आंघोळ लवकर उरकावी, न विचारता फ्रिज उघडू नये, अशी बंधने घालणारी यजमानीण अमेरिकन तरुणाला कंजूष वाटते. पण वीज महाग आहे, आणि अनेक जुन्या घरांत गरम पाणी आजही नारिंगी रंगाच्या ब्यूटेन सिलिंडरवर अवलंबून असते. हिवाळ्यात सगळे घर ऊबदार ठेवण्याऐवजी, लांब आच्छादन घातलेल्या गोल मेजाखाली शेगडी ठेवून कुटुंब तिच्याभोवती बसते. यात कंजूषपणा नाही, घरखर्चाचा हिशेब आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तो अधिक स्पष्टपणे शिकविला जातो, कारण त्याची झळ विद्यार्थ्याला स्वतःला लागते.

दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊनंतर, हा क्रमही सुरुवातीला आळसाचा वाटतो. त्यामागे इतिहास आहे. फ्रँकोच्या राजवटीने १९४० साली देशाचे घड्याळ एक तास पुढे नेले, ते पुढे कधी मागे आणले गेले नाही. शिवाय युद्धोत्तर हलाखीत अनेकांना दोन-दोन नोकऱ्या कराव्या लागल्या. जेवण उरकल्यावर टेबलापाशीच रेंगाळत गप्पा मारण्याला स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असा स्वतंत्र शब्द आहे. बार्सिलोनातील घरात याच गप्पा कातालान भाषेत रंगतात, आणि ‘स्पॅनिश’ शिकावयास आलेल्याला कळून चुकते की देश एक असला तरी त्याची जीभ एक नाही. फ्रँकोच्या काळात ती भाषा शाळांतून हद्दपार होती, हे आजी सांगते तेव्हा इतिहासाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

हे सारे आता धोक्यात आहे, आणि धोका मोबदल्यापासून नाही, त्याच्या अपुरेपणापासून आहे. पर्यटकांना खोली देऊन अधिक कमाई होत असेल, तर विद्यार्थी कोण ठेवील? पर्यटकांच्या घरांनी बार्सिलोनात भाड्यांवर असा ताण आणला की, अशा सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ नंतर चालू न ठेवण्याचा मनोदय तेथील महापौरांनी २०२४ साली जाहीर केला. दुसरीकडे, कमी मोबदल्याची भरपाई करण्यासाठी एकाच घरात तीन-तीन विद्यार्थी ठेवले की ते आपसात इंग्रजी बोलतात. घराची खाणावळ होते आणि विनिमयाचा हेतूच नष्ट होतो.

म्हणून विद्यार्थी पाठविणाऱ्या संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. एका घरात एकच परदेशी विद्यार्थी ठेवावा. आकारलेल्या रकमेपैकी कुटुंबाच्या हाती किती पडते, ते विद्यार्थ्याला उघडपणे सांगावे. आणि ती रक्कम महागाईबरोबर वाढवावी. खोली आणि जेवण यांची किंमत ठरविता येते. जेवणानंतरच्या त्या तासाची ठरविता येत नाही. पहिली किंमत चोख चुकती केली, तरच दुसरी गोष्ट यजमान आपणहून देऊ शकतो.