शिवणीत ठेवलेले कापड

"मागच्या वेळी जास्तीचं कापड कापलं नव्हतं साहेब, शिवणीतच ठेवलं होतं." पँट कमरेत सैल करायला टाकली, तेव्हा आमचा शिंपी म्हणाला. दोन वर्षांपूर्वी हीच पँट मी त्याच्याकडून मोठ्या दिमाखात आत घेऊन आणली होती. त्याला अनुभव होता, मला नव्हता.

तेव्हा तीन महिन्यांत नऊ किलो उतरवले होते. भात बंद, साखर बंद, रात्री नुसते सूप. ठरवलेला आकडा गाठला त्या दिवशी, व्रताचे उद्यापन करावे तसे घरी श्रीखंड आणले. वर्षभरात दहा किलो परत आले. सोसायटीत ज्यांनी कौतुक केले होते तेच म्हणू लागले, "तोंडावर ताबा नाही." मलाही ते पटले होते.

मग अमेरिकेतला एक अभ्यास वाचनात आला. 'द बिगेस्ट लूजर' ही वजन घटवण्याची तिथली दूरचित्रवाणी स्पर्धा. तिच्यातल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. स्पर्धेत प्रत्येकी सरासरी ५८ किलो घटले होते. त्यातले ४१ परत आले. त्याहून चक्रावणारे पुढेच आहे. त्यांच्या वजनाच्या आणि वयाच्या माणसाचे शरीर स्वस्थ पडून जेवढे जाळते, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी त्यांचे शरीर कमी जाळत होते. म्हणजे चार-पाच पोळ्यांची तफावत, तीही सहा वर्षांनंतर! शिवाय चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटते आणि भूक वाढते. आपण डाएट म्हणतो, शरीर त्याला दुष्काळ समजते. सेमाग्लुटाइडची इंजेक्शने थांबवल्यावरही वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परतल्याचे २०२२ साली दिसून आले.

मग नाद सोडावा का? तेही परवडणारे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांना मधुमेह का गाठतो, याचा धागा इथे आहे. म्हणून काट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८०च्या.

बायकांचे म्हटले म्हणून सांगतो. माझ्या त्या तीन महिन्यांत घरात दोन स्वयंपाक होत होते, माझा उकडलेला आणि मुलांचा नेहमीचा. दोन्हीतले उरलेले पत्नी संपवत असे. अन्न टाकायचे नाही ही तिची माहेरची शिस्त. माझे नऊ किलो उतरले तेवढ्यात तिचे चार वाढले. त्याची कुणी विचारपूस केली नाही. मीसुद्धा नाही.

आता आमच्याकडे एकच स्वयंपाक होतो. भात आहे, मूद लहान झाली आहे. उसळ आणि भाजी जास्त, तेलाची पिशवी महिन्याला एक कमी. जेवल्यावर दोघे चालायला जातो, मुले ओटा आवरतात (कुरकुरत का होईना). सणाला पुरणपोळी खातो आणि दुसऱ्या दिवशी उपवास करत नाही.

वर्षात माझे साडेतीन किलो उतरले, तिचे दोन. सोसायटीत अजून कुणाच्या लक्षात आलेले नाही.