कामाच्या जागीचे सीमोल्लंघन

नवरात्राची सांगता होऊन विजयादशमीचा मंगल दिवस उजाडला आहे. दारोदारी झेंडूची तोरणे चढली आहेत. कारागिराने आपली हत्यारे, कारकुनाने वह्या-लेखण्या पूजेस मांडल्या; कार्यालयांतील संगणकांनाही हळदकुंकू लागले. ज्या साधनावर पोट भरते त्यास वंदन करावे, ही आपली परंपरा थोरच होय. परंतु त्या साधनाशेजारी नित्य बसणाऱ्या माणसाची आपणांस कितपत ओळख आहे, असा प्रश्न आम्हांस या शुभदिनी विचारावासा वाटतो.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहू लागले. एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीची त्याच जागी पाठ टेकीत. मागांच्या कडकडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून शेजाऱ्याची विचारपूस खुणांनी होई. दसऱ्याला यंत्रे पुसून त्यांना माळा घातल्या जात. कोणी आजारी पडला तर गाववाले वर्गणी काढीत, घरी निरोप धाडीत. त्या जीवनाचे गोडवे आम्ही गाणार नाही. कापसाचे तंतू छातीत जात होते, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर लक्षावधी संसारांची वाताहत झाली. तथापि त्या कष्टांत सोबत होती, हे नाकारता येणार नाही.

आज थंडगार दालने आहेत, बसावयास उत्तम खुर्च्या आहेत. पण डबा उघडला की एक हात घासाकडे व दुसरा मोबाइलकडे जातो. कित्येकांची कचेरी तर घराच्या कोपऱ्यातच आली आहे. जगातील दर सहा माणसांपैकी एकास एकाकीपणा ग्रासतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली नमूद केले. हृदयविकार, पक्षाघात, विषण्णता व अकाली मृत्यू यांचा धोका त्याने वाढतो, असेही तिने म्हटले आहे. दिवसाचे आठ-दहा तास जेथे जातात, तेथील अबोला ही म्हणूनच किरकोळ बाब नव्हे.

कौत्साची कथा घरोघरी सांगितली जाते. कुबेराने वर्षविलेल्या सुवर्णातून त्याने गुरुदक्षिणेपुरते घेतले आणि उरलेले लोकांनी लुटले. आपट्याचे पान मुळात वाटण्यासाठीच आहे. यास्तव यंदा ते पान साहेबांच्या दालनापासून नव्हे, तर दारावरच्या पहारेकऱ्यापासून व कंत्राटी झाडूवाल्या मावशींपासून वाटावयास आरंभ करावा. आपले टेबल, आपले खाते, आपली श्रेणी ही वेस ओलांडणे हेच कामाच्या जागीचे सीमोल्लंघन होय. परधर्मीय सहकाऱ्यास पूजेचा आग्रह नको. स्नेहाचा हात मात्र अवश्य पुढे करावा. नव्याने रुजू झालेल्यास पहिल्या दिवशी एकट्याने जेवू देऊ नये. कोणी चार दिवस आला नाही, तर रजेच्या नोंदीवर न थांबता त्याची खुशाली विचारावी.

मालकवर्गासही दोन शब्द सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. सणाच्या दिवशी पेढे वाटून वर्षभराची ओढाताण झाकली जात नाही. माणसे एकमेकांशी बोलावीत अशी इच्छा असेल, तर त्यांना जेवणाची सुटी निवांत मिळाली पाहिजे आणि वेळेवर घरी जाता आले पाहिजे. स्नेह हा न्याय्य वेतनाचा पर्याय नव्हे.

‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा’ असे आपण आज शेकडो वेळा म्हणू. ते पान उद्या सुकेल. परवा कामावर गेल्यावर शेजारच्यास ‘बरे आहात ना?’ असे विचारून त्याचे उत्तर संपेपर्यंत आपण थांबलो, तरच ते सोने खरे ठरेल. आमच्या सर्व वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!