चिठ्ठीवरचे औषध आणि चाचणीतले औषध

२०२१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेची चाहूल राज्याला लागली ती वऱ्हाडातून. अमरावती व अचलपुरात पुन्हा टाळेबंदी आली, अकोल्यातही निर्बंध लागले. एप्रिलपर्यंत राज्यभर रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठी घेऊन रांगेत उभे होते. चिठ्ठीवर बहुधा एकच नाव: रेमडेसिविर. त्याचा काळाबाजारही झाला.

मूळचे इबोलासाठी तपासलेले आणि तिथे मागे पडलेले हे औषध. त्याने मृत्यू फारसे टळत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितले होते. (अंतिम विश्लेषणात ऑक्सिजनवरच्या रुग्णांना थोडा लाभ दिसला, इतकेच.) रांगा लागल्या त्या यानंतर सहा महिन्यांनी!

खरा आधार ठरले ते डेक्सामेथासोन. दम्यापासून सांधेदुखीपर्यंत वापरले जाणारे, साठ वर्षांहून जुने, अगदी स्वस्त स्टेरॉइड. विषाणूला ते मारत नाही. न्यूमोनिया बळावल्यावर प्रतिकारशक्तीच फुफ्फुसांवर उलटते, तो दाह ते आवरते. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २,१०४ रुग्णांना ते दिले गेले, ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. कोणाला काय मिळणार, हे डॉक्टरने नव्हे तर सोडतीने ठरले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र फायदा नव्हता, अपायाचीच शंका होती. निष्कर्षाचा हा अर्धा भाग आपल्याकडे अनेकांनी वाचलाच नाही. साध्या तापातही स्टेरॉइड दिले गेले, आणि मधुमेहींमध्ये म्युकरमायकोसिस बळावण्यास त्याचा हातभार लागला.

‘मी दिले आणि रुग्ण बरा झाला’ हा पुरावा नव्हे. बहुतेक रुग्ण एरवीही बरे होतात. सोडतीची चाचणी आपल्यालाही जमते. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर प्लाझ्मा तपासला आणि तो निरुपयोगी ठरला. तरीही उपचारांच्या यादीतून तो गेला मे २०२१ मध्ये.

आता प्रश्न इन्फ्लुएन्झाच्या गंभीर न्यूमोनियाचा आहे. तिथे हेच स्टेरॉइड तारते की मारते, याच्या चाचण्या परदेशांत सुरू झाल्या आहेत. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत २०२४ मध्ये सुरू झाले. पुढच्या साथीची वाट न पाहता राज्याने या दोन्ही रुग्णालयांना अशा चाचण्यांत उतरवावे. त्यासाठी संशोधन परिचारिका, नोंदी ठेवणारे कर्मचारी आणि नीतिमत्ता समितीची वेळेवर बैठक लागते. यंत्रखरेदीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.