घरक्रमांक नसलेल्या माणसाचा पासपोर्ट

प्रति,
माननीय डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्र मंत्री, भारत सरकार

विषय: गावठाणे, कोळीवाडे आणि लहान गावांतल्या पासपोर्ट अर्जदारांच्या पत्त्याची पडताळणी

महोदय,

आपल्या मंत्रालयाने गेल्या काही वर्षांत केलेल्या एका चांगल्या कामाची नोंद आधी घेतो. जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोद इथल्या टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाली. पासपोर्टसाठी कोणालाही पन्नास किलोमीटरहून लांब जावे लागू नये, असे उद्दिष्ट तत्कालीन परराष्ट्र मंत्री सुषमा स्वराज यांनी त्याच वर्षी जाहीर केले. आज देशभरात अशी 400 हून अधिक टपाल केंद्रे आहेत. ही केंद्रे सुरू होण्याआधी, डिसेंबर 2016 मध्ये, जन्मतारखेच्या पुराव्याची यादी सैल झाली होती आणि जोडपत्रांवरची नोटरीची सक्तीही गेली होती. 2018 पासून देशातल्या कोणत्याही केंद्रावर अर्ज करता येतो. गावातल्या माणसापुढची अंतराची अडचण अशी बरीचशी सुटली. पत्त्याची अडचण मात्र राहिली, आणि ती दूरच्या खेड्याइतकीच मुंबईच्या पोटातल्या गावांतही भेटते. म्हणून हे पत्र चारकोपहून लिहितो आहे.

कांदिवली पश्चिमेच्या चारकोपमध्ये दोन वस्त्या शेजारीशेजारी आहेत. एक म्हाडाची. जागतिक बँकेच्या कर्जातून 1985 पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात इथे आखीव भूखंड दिले गेले. त्यामुळे या भागातल्या पत्त्यात सेक्टर, आरएससी क्रमांक, प्लॉट क्रमांक, सोसायटी असे सगळे असते आणि कोणीही नवखा माणूस त्या दारापर्यंत पोहोचतो. दुसरी वस्ती त्याआधीची, चारकोप गावाची. अशा जुन्या गावठाणांत वडिलोपार्जित घराचे भावाभावांत चार भाग झालेले असतात, मिळकत पत्रिकेवर मात्र आजोबा-पणजोबांचे नाव तसेच राहते. विजेचे बिल एका भावाच्या नावावर येते आणि पत्ता म्हणजे ‘अमक्याच्या घरामागे, तमक्या क्रुसाजवळ’. खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीत किंवा मढच्या कोळीवाड्यातही परिस्थिती फार वेगळी नाही. इथल्या तरुणाला बोटीवर नोकरी मिळाली, आखातात काम लागले किंवा कोणाला शिक्षणासाठी बाहेर जायचे झाले, की अर्जातला पत्ता, आधारवरचा पत्ता आणि विजेच्या बिलावरचा पत्ता अक्षरशः जुळवत बसावे लागते. पडताळणीला आलेल्या शिपायाला दार सापडले नाही, किंवा सापडूनही कागदावरचे नाव वेगळे निघाले, तर शेरा ‘अपूर्ण’ किंवा ‘प्रतिकूल’ पडू शकतो. पुनर्विकासामुळे भाड्याच्या घरात गेलेल्या कुटुंबाची तऱ्हा आणखी निराळी. आधार जुन्या घराचे, राहणे नव्या घरात, आणि घरमालक करारनामा नोंदवायला नाखूश. नोंदणीकृत भाडेकरार पासपोर्टसाठी चालतो, पण तो नोंदवून घेणे दरवेळी भाडेकरूच्या हातात नसते. नूतनीकरणाच्या वेळी पत्ता बदललेला असेल, तर हेच सगळे पुन्हा.

माझे म्हणणे एवढेच आहे की पासपोर्टच्या पडताळणीने माणूस तपासावा, आणि ज्याच्या घराला धड कागद नाही त्याच्यासाठी ओळखीच्या, जबाबदार माणसांची लेखी साक्ष पुरावा म्हणून स्वीकारावी. ही मेहेरबानीची मागणी नाही. 10 एप्रिल 1967 रोजी सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि सरकारच्या मर्जीवर पासपोर्ट देण्याची जुनी रीत मोडीत काढली. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. मनेका गांधी खटल्यात 1978 मध्ये न्यायालयाने पुढे जाऊन सांगितले की हा हक्क रोखणारी प्रक्रियाही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. पासपोर्ट नाकारण्याची कारणे कायद्याच्या कलम 6 मध्ये मोजून दिलेली आहेत. देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, गुन्हेगारी शिक्षा, प्रलंबित फौजदारी खटला अशी ती कारणे आहेत. घराला क्रमांक नसणे त्यात कुठेही बसत नाही. कायद्याने जे कारण ठेवले नाही, ते पडताळणीच्या रिवाजाने मागच्या दाराने आत येऊ नये.

यावर पहिला आक्षेप सुरक्षेचा येईल, आणि तो हलका नाही. 26/11 नंतरच्या मुंबईत, तेही खाडीकाठच्या वस्त्यांसाठी, पडताळणी सैल करा असे कोणी म्हणणार नाही. पण पत्त्याच्या पडताळणीने नेमके काय अडवले जाते, हेही तपासायला हवे. अभिनेत्री मोनिका बेदी हिच्या बनावट नावाच्या पासपोर्टचे प्रकरण आठवावे. कर्नूलच्या पत्त्यावर तो पासपोर्ट काढला गेला. तिथे ती राहत नव्हती, तरी कागद पुरे होते आणि पोलिसांचा अहवालही अनुकूल होता. 2006 मध्ये सीबीआय न्यायालयाने या प्रकरणात शिक्षा सुनावली. ज्याला फसवायचे असते तो कागद सर्वांत आधी तयार करतो. अडकतो तो ज्याचा कागद पिढ्यान्‌पिढ्या कोणी तयारच केला नाही. एकच माणूस दोन नावांनी अर्ज करतो आहे का, हे कळायला त्याच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र उपयोगी पडते, आणि ते सेवा केंद्रात घेतलेच जाते. गुन्ह्यांची नोंद पोलिसांच्या दप्तरातून तपासता येते. या दोन्ही गोष्टी कडक असाव्यात, हवे तर आणखी कडक कराव्यात. माझा आग्रह फक्त तिसऱ्या गोष्टीपुरता, राहत्या घराच्या पुराव्यापुरता आहे.

दुसरा आक्षेप असा की आधार चालते, मग अडचण कुठे उरली? आधारवर पत्ता नोंदवायलाही पुरावा लागतोच. पण इथे आधार प्राधिकरणाने आपल्या मंत्रालयापेक्षा मोकळा विचार केला आहे. सरपंच, नगरसेवक, आमदार, खासदार किंवा राजपत्रित अधिकारी यांचे ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र ते पत्त्यासाठी स्वीकारते, आणि 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीवरही पत्ता बदलून देते. म्हणजे माणसाच्या साक्षीवर पत्ता मानायचा, हे तत्त्व भारत सरकारने एका खिडकीवर मान्य केलेलेच आहे. पडताळणीच्या वेळी दारात मात्र ती साक्ष मोजली जात नाही. शिवाय गावठाणाची गोची वेगळी आहे. खेड्याला ग्रामपंचायत असते. मुंबईची हद्द 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हापासून चारकोपसारखी गावे महापालिकेत आहेत, म्हणजे इथे सरपंच नाही. आणि मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे होता, म्हणजे नगरसेवकही नव्हता. आमदार असतात, पण लाखो मतदारांच्या आमदाराने गल्लीतल्या एकेका माणसाला ओळखावे, ही अपेक्षाच चुकीची. त्याच्या कार्यालयातून मिळणारे पत्र ओळखीचे नसते, शिफारशीचे असते.

मग साक्ष कोणाची? ब्रिटनमध्ये पहिल्या पासपोर्टसाठी अर्जदाराला किमान दोन वर्षे ओळखणारा शिक्षक, वकील असा एखादा प्रतिष्ठित व्यवसायातला माणूस अर्जदाराची ओळख लेखी देतो. आपल्याकडेही एकेकाळी तत्काळ पासपोर्टसाठी वरिष्ठ अधिकाऱ्याचे पडताळणी प्रमाणपत्र चालत असे. त्यात दोष होता तो साक्षीचा नव्हे. साक्षीदार फार वरच्या पायरीवरचा ठरवला होता, आणि कोळीवाड्यातल्या घरात असा वरिष्ठ अधिकारी कोणाच्या ओळखीचा असणार? साक्षीदार खालून निवडावा. महापालिका शाळेचे मुख्याध्यापक, आरोग्य केंद्रातले डॉक्टर, नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे सचिव, आणि त्या बीटचा पोस्टमन. पोस्टमनचा उल्लेख मुद्दाम करतो. तयार झालेला पासपोर्ट स्पीड पोस्टने अर्जदाराच्याच हातात देण्यासाठी मंत्रालय त्याच्यावर विसंबते. घर सापडत नाही असा शेरा जिथे पडतो, त्याच घरात रोजची टपाल पोहोचते. यांपैकी दोघांची, एकमेकांशी संबंध नसलेल्यांची, सही असावी. एकट्याच्या भरवशावर काही सोडू नये.

अशा सह्या विकल्या जातील, हा तिसरा आक्षेप आहे. काही विकल्या जातीलही. पण आज शिपायाच्या शेऱ्यामागे कोणाचे नाव जाहीरपणे उभे राहत नाही, आणि उशिराची किंमत अर्जदारच मोजतो. साक्षीदाराचे नाव नोंदले गेले तर जबाबदारीही नोंदली जाते. खोटी माहिती देणाऱ्याला पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे आणि त्यास मदत करणाराही त्याच कलमात सापडतो. एका साक्षीदाराने वर्षाला किती सह्या करायच्या यालाही मर्यादा घालता येईल. उरतो जमिनीचा प्रश्न. गावठाणातल्या घराचा पत्ता मानला तर उद्या त्यावरून मालकी सांगितली जाईल, अशी शंका महसूल खाते घेऊ शकते. त्यासाठी एक ओळ पुरेल: ही साक्ष फक्त वास्तव्यापुरती, मिळकतीच्या हक्काचा पुरावा नव्हे. गावठाणांचे सीमांकन आणि मिळकत पत्रिका हे राज्य सरकारचे रेंगाळलेले काम आहे. ते पुरे होईपर्यंत तिथल्या मुलांनी बोटीवरची नोकरी थांबवून धरावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

म्हणून तीन विनंत्या. एक, पत्त्याच्या पुराव्यात दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ठरावीक नमुन्यातल्या निवेदनाचा समावेश करावा. दोन, केवळ घराचा कागद नाही किंवा पत्त्याच्या लेखनात फरक आहे म्हणून ‘प्रतिकूल’ शेरा देता येणार नाही, अशी स्पष्ट सूचना पोलीस पडताळणीसाठी राज्यांशी बोलून काढावी, आणि असा शेरा पडलाच तर कारण अर्जदाराला लेखी कळवावे. तीन, सुरुवात मुंबई प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीतल्या गावठाण-कोळीवाड्यांत आणि कोकणातल्या एखाद्या तालुक्यात एक वर्षासाठी करावी, आणि किती अर्ज अडले, किती सुटले, किती साक्षी खोट्या निघाल्या याचे आकडे वर्षाअखेरीस जाहीर करावेत. आकडे माझ्या विरोधात गेले तर योजना बंद करावी. माझी त्याला हरकत नसेल. तोवर मात्र ज्यांना अख्खे गाव ओळखते त्यांना सरकारनेही ओळखावे.

आपला,
चारकोपचा एक रहिवासी