घर आणि मूल : सुटीतील दुपार

उन्हाळ्याची सुटी लागली की सकाळ आणि संध्याकाळ यांची चिंता घरात कोणालाच नसते. त्या वेळी मुले अंगणात, गल्लीत नाही तर गच्चीवर रमलेली असतात. प्रश्न असतो तो जेवणानंतरच्या तीन-चार तासांचा. बाहेर ऊन रणरणत असते, मोठी माणसे घटकाभर आडवी होऊ पाहतात आणि चार ते आठ वर्षांच्या मुलाला झोप तर मुळीच आलेली नसते. अशा वेळी त्याच्या हाती मोबाइल देऊन त्याला गप्प बसविणे सोपे वाटते. परंतु थोडी पूर्वतयारी केली, तर याच वेळात मुलाच्या बोटांना आणि बुद्धीला उत्तम काम देता येते. आणि त्यासाठी बाजारातून काहीच आणावे लागत नाही.

आमचे वाचक निरनिराळ्या राज्यांत राहतात. कोणाकडे सुटी एप्रिलमध्ये लागते, कोणाकडे मेच्या मध्यावर. कोणाच्या दारी नारळ आहे, कोणाच्या दारी पिंपळ, तर कोणी चौथ्या मजल्यावर राहतात. म्हणून जे साहित्य जवळ सहज मिळेल तेच घ्यावे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, तेव्हा त्यांनीही हाच मार्ग धरला. महागड्या शैक्षणिक साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती यांचा उपयोग त्यांनी केला. जे तेथे साधले, ते आपल्या घरी न साधण्याचे कारण नाही.

प्रारंभ कागदापासून करावा. वर्तमानपत्राचे एक मोठे पान घेऊन ते मधोमध दुमडावे. घडीची बाजू वर ठेवून वरचे दोन्ही कोपरे मध्यरेषेवर आणावेत. खाली उरलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक पुढून व एक मागून वर दुमडली की टोपी तयार झाली. चार वर्षांच्या मुलालाही ती दोन-तीन प्रयत्नांत जमते. मोठ्या मुलाला लांबट कागदापासून चौरस कसा काढावा, ते कात्रीवाचून शोधू द्यावे. एक कोपरा समोरच्या कडेवर आणून दुमडला आणि उरलेली पट्टी फाडून टाकली, की चौरस मिळतो. हा खेळ क्षुल्लक समजू नये. मद्रासचे गणितज्ञ टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे इंग्रजी पुस्तक १८९३ साली प्रसिद्ध केले, त्याची कल्पना त्यांना बालोद्यानातील कागदकामावरूनच सुचली होती.

चिकटकामासाठी घरीच खळ करावी. दोन मोठे चमचे मैदा अथवा बारीक कणीक वाटीभर थंड पाण्यात आधी नीट कालवावी, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मंद आचेवर सतत ढवळत ती दाट होऊ द्यावी. हे काम मोठ्यांनी करावे; निवलेली खळ मुलाच्या स्वाधीन करावी. उन्हाळ्यात ती एक-दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करावी. किडीपासून रक्षण व्हावे म्हणून खळीत मोरचूद घालण्याची बुकबाइंडरांची रीत आहे. परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या खळीत तो कदापि घालू नये.

आता बियांकडे वळू. कलिंगडाच्या काळसर, खरबुजाच्या फिकट आणि चिंचेच्या तपकिरी बिया धुऊन, वाळवून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवाव्यात. पुठ्ठ्यावर मुलाने स्वतः काढलेल्या मासळीवर, घरावर किंवा सूर्यावर खळ लावून त्या बसवू द्याव्यात. चिंचोक्यांचा आणखी एक उपयोग आहे. चिंचोक्याची एक बाजू खरबरीत फरशीवर घासली की आतील पांढरा भाग दिसू लागतो. असे चार चिंचोके केले की पटावरील खेळाचे फासे झाले. जितके पांढरे वर पडतील तितकी घरे पुढे जावे. घासता घासता चिंचोका तापतो, हेही मुलाच्या ध्यानात येईल आणि ते ‘का’ असे विचारील. तळहात एकमेकांवर घासून पाहा, एवढेच त्यास सांगावे.

पानांची कामे सकाळी गळलेली पाने वेचून दुपारी करावीत. केरळात मुले फणसाच्या पानांच्या टोप्या करतात. पाने एकावर एक ठेवून बारीक काडीने टाचत गेले, की डोक्याच्या मापाची पट्टी तयार होते. फणस नसेल तेथे वड किंवा बदाम चालेल; काडीच्या जागी खराट्याची हीर मोडून घ्यावी. हिरीचे टोक डोळ्यास लागण्याचा संभव असतो, म्हणून अशा वेळी मोठ्यांपैकी कोणीतरी जवळ असावे.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे. लाल-काळी गुंज दिसावयास फार सुंदर असते आणि मुले ती हमखास वेचून आणतात. परंतु तिच्या बीमध्ये तीव्र विष आहे. बी चावली गेली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी गिळली गेली, तर जिवावर बेतू शकते. कण्हेर, धोतरा व एरंड यांच्या बियाही विषारीच होत. रुईच्या बोंडातून उडणारी म्हातारी मुलांना आवडते. तथापि रुईचा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याला इजा होते. यांपैकी काहीही हस्तकामासाठी घरात आणू नये. मुलाने अशी बी खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि बी बरोबर घ्यावी. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल, तर साधे चिंचोकेदेखील त्याच्या हाती लागू देऊ नयेत. ती मुले बिया नाकात किंवा घशात घालतात. काम संपल्यावर बिया मोजून परत डब्यात भरण्याची सवय लावावी. मोजणीचा सरावही त्यातच होतो.

धोक्याच्या वस्तू दूर ठेवल्या, साहित्य मांडून दिले, की वडिलांचे काम पुष्कळसे संपले. पण नेमके येथेच पुष्कळ घरांत बिघडते. टोपी तिरकी झाली की आई ती उलगडून सरळ करते. मासळीची शेपटी डोक्यापेक्षा मोठी झाली की काका पेन्सिल हाती घेतात. पाहुण्यांना दाखविण्याजोगी वस्तू तयार होते खरी. मात्र मूल बाजूला उभे राहते, आणि पुढच्या वेळी कागद पुढे ठेवला की “तूच करून दे” असे म्हणते. आपल्या हाताला जमत नाही, ही समजूत मुलाला जन्मतः नसते; ती आपण त्याला देतो. एकदा रुजली की ती कागदापुरती राहत नाही. अक्षर, गणित, घरातील लहानसहान कामे, सर्वत्र ती त्याच्यामागे फिरते.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे की, मुलाला दाखवावयाचे असेल तर आपण आपला वेगळा कागद घ्यावा. त्याच्या कागदाला हात लावू नये. त्याने मदत मागितली, तर अडलेली एकच घडी दाखवून थांबावे. काम पुरे झाल्यावर चांगले-वाईट न ठरविता, “हे कसे केलेस?” असे विचारावे. मूल आनंदाने सांगेल. वस्तू त्याच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावावी आणि मागे तारीख लिहावी. पुढील वर्षी ती त्याच्याच हाती दिली, तर आपण किती पुढे आलो हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

शेवटी एक काम असे, जे आज सुरू करावे आणि पावसाळ्यात संपवावे. खाल्लेल्या आंब्याच्या दोन-चार कोयी धुऊन मुलाकडून अंगणात किंवा कुंडीत पुरून घ्याव्यात. पावसाच्या सरी पडू लागल्या की कोयीला कोंब फुटतो. तेव्हा वरचे कवच मोठ्यांनी काढून द्यावे आणि आतील बीचे टोक मुलाने दगडावर घासावे. दोन दलांमधील फटीतून फुंकले की पिपाणी वाजते. बंगालमध्येही मुले ती वाजवितात. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या बालआवृत्तीचे नावच मुळी ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी, असे आहे. सर्व कोयींच्या पिपाण्या मात्र करू नयेत. एक तशीच वाढू द्यावी आणि तिला पाणी घालण्याचे काम मुलाकडेच ठेवावे.