देहबोली : तंत्र नव्हे, संस्कार

व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांचे पेव आज केवळ महानगरांत नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही फुटले आहे. हस्तांदोलन कसे करावे, मुलाखतीच्या वेळी खुर्चीत कसे बसावे, समोरच्याच्या नजरेला नजर किती वेळ भिडवावी, हाताची घडी घातल्याने कोणता ‘संदेश’ जातो, याचे धडे तेथे शुल्क आकारून दिले जातात. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला ते उपयोगी पडत असतील, तर तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र या शिकवणुकीच्या मुळाशी असलेला विचार तपासून पाहिला पाहिजे. देहबोली म्हणजे दुसऱ्यावर छाप पाडण्याचे आणि दुसऱ्याच्या मनातले हेरण्याचे साधन, असा तो विचार आहे. रोजच्या व्यवहारात आपला स्वतःचा देह कोणाशी काय बोलत असतो, हा प्रश्न त्यात येतच नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

आकड्यांचे मायाजाल

या वर्गांतून एक सूत्र हमखास सांगितले जाते. संवादाच्या परिणामात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाच्या चढउतारांचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के! हे आकडे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांतून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, त्यांपैकी एकात जोडीला चेहऱ्याची छायाचित्रेही दाखवली होती. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्याने ओळखायचे होते. शब्द एक सांगतात आणि चेहरा दुसरेच, अशा वेळी माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढ्यापुरताच त्या निष्कर्षाचा अर्थ आहे. स्वतः मेहराबियन यांनीही ही मर्यादा स्पष्ट केली आहे. हे सूत्र सरसकट खरे असते, तर तमिळचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही तमिळ व्याख्यानातील ९३ टक्के आशय कळायला हवा होता!

दुसरा भ्रम खोटे ओळखण्याचा. नजर चुकवली की माणूस खोटे बोलतो, नाकाला हात लावला की काहीतरी लपवतो, अशी समीकरणे मांडली जातात. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या संशोधकांनी आजवरच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध केला. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे केवळ पाहून-ऐकून ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्के वेळा यशस्वी होतात, असे त्यात आढळले. नाणे उडवून निर्णय केला तरी ५० टक्के यश मिळतेच. चार धडे घेऊन कोणी मनकवडा होत नाही, हाच याचा अर्थ.

भरतमुनींचा दृष्टिकोन

पाश्चात्त्य जगात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ चार्ल्स डार्विन यांच्या १८७२ मधील ग्रंथापासून मानला जातो. माणूस आणि प्राणी आपल्या भावना देहाने कशा प्रकट करतात, याचा त्यात विचार आहे. आपल्याकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने अनेक शतके आधी देहाचे व्याकरणच मांडले होते. मस्तकाच्या १३ हालचाली, ३६ प्रकारच्या दृष्टी आणि हस्तमुद्रांचे तपशीलवार वर्गीकरण त्यात आहे. राजाची प्रसन्नता वा नाराजी त्याच्या वागण्यातून सेवकाने कशी ओळखावी, हे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले. रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांनी करावी, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात लिहिले. त्यात प्रश्नाचा क्रम शेवटचा आहे.

‘सारे काही आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून थांबण्यासाठी हा उल्लेख केलेला नाही. त्यातील दृष्टिकोन महत्त्वाचा आहे. भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. पहिले तीन अभ्यासाने साधतात. घाम, रोमांच, कंप, स्वरभंग, चेहऱ्याचा रंग उडणे, अश्रू हे सात्त्विक भाव मात्र मन त्या भावात एकाग्र झाल्यावाचून प्रकट होत नाहीत. नटाने रडण्याचे सोंग करावे एवढे पुरेसे नाही, त्याच्या मनाने त्या दुःखात शिरले पाहिजे. आधी मन, मग देह, असा हा क्रम आहे. आजच्या वर्गांत तो उलटा झाला आहे.

आपल्या मायमराठीलाही हे नेमके ठाऊक आहे. नाक मुरडणे, तोंड फिरवणे, कपाळाला आठ्या घालणे, हात झटकणे, कानाडोळा करणे, अंग चोरणे, पाठ फिरवणे, ताठ मानेने जगणे – हे वाक्प्रचार वरवर देहाच्या हालचालींचे, पण प्रत्येकात माणसामाणसांतील एक नाते सांगितलेले आहे. कोणी तरी कोणाचा तरी आदर केला, अव्हेर केला, जबाबदारी टाळली किंवा स्वाभिमान राखला. देह बोलतो तो नात्याविषयी बोलतो, हे भाषेने केव्हाच ओळखले आहे.

खाली झुकलेली नजर

देहाची भाषा सर्वत्र एकच नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने १९६६ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दोन माणसांनी बोलताना किती अंतर राखावे याचे संकेत समाजागणिक बदलतात. आपण होकार देताना मान ज्या रीतीने डावी-उजवीकडे झुलवतो, ती पाहून परदेशी पाहुणा बुचकळ्यात पडतो. त्याला तो नकार वाटतो.

हा केवळ गमतीचा विषय नाही. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून आलेल्या तरुणाला वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवावी, विचारल्याखेरीज बोलू नये, असे वळण घरात लागलेले असते. मुंबई-पुण्यातील वातानुकूलित दालनात मुलाखत घेणारा अधिकारी मात्र पुस्तकी समीकरण लावतो. नजर भिडवत नाही, म्हणजे आत्मविश्वास नाही! ज्याला घराने विनय शिकवला, त्याला बाजार दुबळा ठरवतो आणि गुणपत्रिका उत्तम असूनही त्याची संधी हुकते. अशा वेळी त्या तरुणाने नवी रीत शिकावी हे खरेच. पण मुलाखत घेणाऱ्यानेही आपल्याच समाजाची भाषा शिकायला नको काय?

देहाने केलेला भेद

या विषयातील सर्वांत गंभीर भाग यापुढे आहे. आपल्या समाजात ज्या अन्यायाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जखमी केले, तो बहुतांशी शब्दांवाचून केला गेला. वरून ओतलेले पाणी, दुरून टाकलेले नाणे, वेगळी ठेवलेली कपबशी, सावली टाळण्यासाठी घेतलेले दोन पावलांचे अंतर ही सारी देहबोलीच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत १९०१ मधील एक प्रसंग सांगितला आहे. वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ही लहान मुले मसूर स्थानकावर उतरली. अंगावर चांगले कपडे, डोक्यावर टोप्या. त्यांना नेण्यासाठी कोणी आले नव्हते, म्हणून स्थानकप्रमुखाने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली मात्र, त्या गृहस्थाचा चेहरा एका क्षणात पालटला. त्यावर शिसारी उमटली आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. शिवी नाही, धमकी नाही. केवळ एक पालटलेला चेहरा आणि फिरवलेली पाठ. बाबासाहेबांना तो चेहरा अनेक दशकांनंतरही विसरता आला नाही. देहबोलीचे सामर्थ्य समजून घ्यायचे असेल, तर कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकाआधी हा प्रसंग वाचावा.

त्या अन्यायाला उत्तरही देहानेच द्यावे लागले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. शब्द सारे बरोबर होते, पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्राशन केले, तेव्हा कुठे त्या शब्दांना प्राण लाभला. त्यानंतर काही मंडळींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, हेही विसरता कामा नये. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीत केवळ व्याख्याने दिली नाहीत, तर सहभोजने घडवली आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुले झाले. एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसणे हे शंभर भाषणांपेक्षा अधिक बोलके असते. संघाच्या शिबिरांत एकत्र भोजनाची पद्धत आरंभापासून रुजली, तीही याच जाणिवेतून. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तृतीय सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समता आणि हिंदू संघटन या विषयावर भाषण करून अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध धिक्कार केला. त्या विचाराची कसोटी आजही व्यासपीठावर नव्हे, घराच्या उंबरठ्यावर लागते.

रोजचा आरसा

कायद्याने अस्पृश्यता संपली, समतेची भाषा सर्वांच्या तोंडी रुळली. देहाला मात्र ती अजून पुरती पाठ झालेली नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंसाठी वेगळा पेला ठेवणारी घरे आजही सुशिक्षित वस्त्यांत आढळतात. भाजीवाल्याला पैसे देताना ते त्याच्या हातावर न ठेवता पाटीत टाकणारे हात आहेत. कार्यालयात साहेब आले की खुर्ची सोडून उठणारा माणूस शिपायाने चहा आणून ठेवला, तर मान वर करून पाहत नाही. खिडकीपलीकडचा कर्मचारी संगणकाच्या पडद्याकडे पाहतच ज्येष्ठ नागरिकाला ‘उद्या या’ म्हणतो. यांपैकी कोणालाही विचारले, तर ‘आम्ही भेदभाव मानत नाही’ असेच उत्तर मिळेल आणि ते उत्तर अप्रामाणिकही नसेल. विचार डोक्यात उतरला, हातापर्यंत पोहोचला नाही, इतकेच.

घरातही हेच घडते. शाळेतून आलेले मूल काही सांगू पाहते आणि आईवडील भ्रमणध्वनीवरून नजर न काढता ‘हं, ऐकतोय’ म्हणतात. तेथे शब्द होकाराचा असतो आणि नजर नकाराची. मूल नजरेवर विश्वास ठेवते. मेहराबियन यांचा निष्कर्ष खऱ्या अर्थाने लागू पडतो, तो येथे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने हस्तांदोलनावर गदा आली, तेव्हा फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी स्पेनच्या राजाचे आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आयर्लंडच्या पंतप्रधानांचे स्वागत हात जोडून केले. आपल्याला त्याचा अभिमान वाटला आणि तो स्वाभाविकही होता. पण समोरच्यातील चैतन्याला वंदन हा नमस्काराचा अर्थ आहे. तो अर्थ हरवला, की उरतो तो ‘कोपरापासून नमस्कार’. त्याने अंतर राखले जाते, नाते जुळत नाही.

म्हणूनच देहबोलीचा अभ्यास दुसऱ्याच्या निरीक्षणापासून नव्हे, आत्मनिरीक्षणापासून सुरू व्हावा. त्यासाठी शुल्क भरण्याची गरज नाही. सफाई कामगाराशी बोलताना आपण थांबतो का, घरी आलेल्या प्रत्येकाला त्याच पेल्यातून पाणी देतो का, बोलणाऱ्याकडे वळून ऐकतो का, एवढे रोज पाहिले तरी पुरे. प्रारंभी ते जाणीवपूर्वक करावे लागेल. हळूहळू ते अंगवळणी पडेल, आणि मुलांना तर ते शिकवावेही लागणार नाही. ती पाहूनच उचलतील. ‘अंगवळणी’ हा शब्दच सांगतो की वळण अंगाला लागावे लागते. समरसतेचा विचार मुखोद्गत असलेल्यांची संख्या आज मोठी आहे, तो अंगवळणी पडलेल्यांची संख्या वाढवणे हे आपले काम आहे.